चार लाख नव्हे, तीन लाखच

सुजाता,

गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही भान कुणाला राहिलं नाही, आणि मीही हात जोडून उभा राहिलो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तू हे वाचणार नाहीस हे मला कळतं. विज्ञानाचा रिटायर मास्तर आहे मी, वेडा नाही. पण जे तुझ्यासमोर बोलायला हवं होतं ते निदान तुझ्या नावानं तरी लिहावं, नाहीतर मीही एक दिवस तसाच जाईन.

धावड्याला शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. खुर्चीवर तुझा फोटो होता, नोकरीच्या अर्जावरचा, मोठा करून आणलेला. त्यात तू घाबरल्यासारखी दिसतेस. तू घाबरट कधीच नव्हतीस. हेडमास्तर बोलले, सरपंच बोलले, आणि मग तुझ्या सातवीतली एक मुलगी उठली. वेणीची रिबीन सुटलेली, पण आवाज खणखणीत.

"बाई दर वर्षी एक प्रश्न घालायच्या," ती म्हणाली. "एक आगगाडी सेकंदाला एक लाख किलोमीटर पळून राह्यली. तिचा दिवा लावला. दिव्याचा उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो. मंग फलाटावर उभ्या माणसाला तो उजेड किती जोरात जाताना दिसंल? आम्ही सगळे म्हणायचो, चार लाख. बाई हसायच्या. म्हणायच्या, न्हाई, तीन लाखच. गाडीतल्या माणसाला बी तीन लाख, फलाटावरच्याला बी तीन लाख. आन् सांगायच्या, हा प्रश्न मला माझ्या सरांनी दिला."

हेडमास्तर लगेच उठले. "ते सर आज आपल्यात हजर आहेत! असे गुरू लाभले म्हणून अशा बाई घडल्या!" आणि टाळ्या.

ती मुलगी खोटं बोलली नाही. तूही कधी खोटं सांगितलं नव्हतंस. प्रश्न मीच दिला होता. उत्तर मात्र माझं चूक होतं आणि तुझं बरोबर, आणि लाल पेन माझ्या हातात होतं.

तू हसनाबादच्या शाळेत, माझ्याच वर्गात दहावीत होतीस. जालना जिल्हा नवानवा झाला होता आणि ज्याला त्याला काहीतरी करून दाखवायची हौस आली होती. तालुक्यातल्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून विज्ञानाची एक परीक्षा ठरवली. जो पहिला येईल त्याला अकरावी-बारावी सायन्ससाठी नवीन जालन्यात व्यापारी मंडळींच्या वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती. पेपर काढायचा आणि तपासायचा मान माझ्याकडे आला, कारण मी बी.एस्सी. होतो. रसायनशास्त्राचा, पण खेड्यात बी.एस्सी. म्हणजे बी.एस्सी. विहिरीवरचा पंप बंद पडला तरी लोक मलाच बोलवायला यायचे, आणि मला ते आवडायचंही.

सापेक्ष वेग मी बैलगाडीवरून शिकवायचो, तुला आठवत असेल. गाडी चालली आहे, गाडीत उभा असलेला माणूस पुढच्या बाजूला चालत गेला, तर बांधावरून बघणाऱ्याला तो किती वेगानं जाताना दिसेल? दोन्ही वेग मिळवा. पोरांना झटकन कळायचं. तीच बैलगाडी काढून मी आगगाडी जोडली आणि माणसाच्या जागी इंजिनाचा दिवा लावला. एक आणि तीन, चार लाख. शेवटचा प्रश्न म्हणून मोठ्या कौतुकानं घातला. 'सापेक्षता' हा शब्द मी कुठंतरी ऐकला होता. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता की बघणारा बदलला की सगळंच बदलतं, मग उजेडाचा वेग का नाही बदलणार? पुढं कळलं की हा गैरसमज फार जणांचा असतो. पण ते सगळे पेपर तपासत नाहीत.

तू लिहिलं होतंस, "तीन लाखच. उजेडाचा वेग बघणाऱ्यानुसार बदलत नाही." मी त्यावर फुली मारली आणि समासात लिहिलं, 'मिळवणी येत नाही का?' त्या एका प्रश्नानं तू दुसरी आलीस.

दुसऱ्या दिवशी तू शिक्षकांच्या खोलीत आलीस. मागं दाराशी तुझे वडील. तुझ्या हातात रुमालात बांधलेलं एक जुनं मासिक होतं. हसनाबादला तुमच्या वस्तीतल्या विहारात एक लाकडी कपाट होतं. रविवारी वंदना झाली की ते उघडायचं, ज्याला जे हवं ते त्यानं तिथंच बसून वाचायचं, पण कपाटातलं पुस्तक विहाराच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा तुमच्या लोकांचा कडक नियम होता. ते मासिक तुझ्या वडिलांनी चार जणांना शब्द देऊन एका दिवसासाठी बाहेर काढलं होतं. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त एक मळका रुमाल दिसला.

"सर, ह्याच्यात लिहिलंय. तुम्ही येकदा वाचा तर."

"पुस्तकात काय, काहीही छापतात," मी म्हणालो. "बैलगाडीला एक नियम आणि उजेडाला दुसरा, असं असतं का कुठं?" खोलीतले सगळे हसले, आणि ते हसले म्हणून मला चेव आला. "शहाणी आहेस, पण शहाणपण पेपरात दाखवायचं नसतं. निकाल लागलाय आता."

"सर म्हंतेत ते बराबर आसंल," दारातून तुझे वडील म्हणाले. "चल बाई."

"न्हाई बाबा, बराबर न्हाई," तू म्हणालीस. पण गेलीस. रुमालाची गाठ मी सोडलीच नाही.

तुझ्या जागी पाटलाची मुलगी असती तर मी ती गाठ सोडली असती का? हा प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारतोय, आणि दर वेळी उत्तराच्या आधी उठून चहा टाकतो. धावड्याला आमच्या घरी तुमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असायची, देवळीत पालथी घातलेली. ती मी माझ्या हातानं फोडली होती आणि तेवढ्यावर स्वतःला सुधारलेला समजत होतो. तू समोर उभी होतीस आणि तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल ही शक्यता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. ह्याला अज्ञान म्हणायचं की आणखी काही, ते तूच सांगायला हवं होतंस. तू कधी सांगितलं नाहीस.

इथपर्यंतचं सगळं अजून माफ करता येईल. माणूस चुकतो, मास्तर तर हमखास चुकतो. पण पुढचं ऐक.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात औरंगाबादला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. एका तरुण प्राध्यापकानं फळ्यावर आगगाडी काढली. हुबेहूब माझीच. त्यानं विचारलं, किती? जवळजवळ सगळ्यांनी चार लाखाला हात वर केले, मीही केला. तो हसला आणि म्हणाला, इथंच सगळे फसतात. बैलगाडीला मिळवणी चालते कारण बैलगाडी फार सावकाश जाते, चूक इतकी बारीक असते की दिसतच नाही. उजेडाच्या बाबतीत मिळवणी चालत नाही. कुणीही मोजा, गाडीतून मोजा की फलाटावरून, उजेड तीन लाखच भरतो. वेळ आणि अंतर मात्र दोघांचं वेगवेगळं निघतं. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की माझं मलाच वाचता येईना.

त्याच आठवड्यात हसनाबादला एका लग्नाला गेलो होतो. तू हापशावर पाणी भरत होतीस. मला बघून घागर खाली ठेवलीस.

"सर, बरे हाव ना?"

"बरा आहे. तू काय करतेस सध्या?"

"काय न्हाई सर. घरीच हाय."

ती वही माझ्या पिशवीत होती, सुजाता. अकरावीचे प्रवेश सुरू व्हायला तीन आठवडे होते. वसतिगृहाचे चिटणीस माझ्या ओळखीचे होते. आणखी एका मुलीची सोय करा, चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. पहिल्या आलेल्या मुलाची जागा काढायचीही गरज नव्हती. त्यानं माझ्यासारखंच चार लाख लिहिलं होतं, त्या बिचाऱ्याचा काय दोष? आज तो जालन्यात एका बियाणं कंपनीत साहेब आहे. मला सगळं दिसत होतं. आणि त्याहून जास्त दिसत होतं ते हे की तालुकाभर बोभाटा होईल, पेपर काढणाऱ्यालाच उत्तर येत नव्हतं म्हणून.

"वाचत राहा," मी म्हणालो आणि पंगतीला जाऊन बसलो. बुंदी होती. दोनदा वाढून घेतली.

तू वाचत राहिलीस. बाहेरून बारावी आर्ट्स केलंस, डी.एड.ला नंबर लावलास, प्राथमिक शिक्षिका झालीस, आणि फिरत फिरत माझ्याच गावी, धावड्याला बदलून आलीस. चारचौघांत मी तुला 'सुजाताबाई, या' म्हणायचो तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मला वाटायचं, बघा, पोरीचं चांगलंच झालं की शेवटी. स्वतःची समजूत घालण्यात मी पहिल्यापासूनच हुशार.

दरम्यान मी गावोगावी 'काळ आणि वेग' असं व्याख्यान द्यायला लागलो होतो. हो, मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. धावड्यात मी दणक्यात सांगितलं की उजेडाच्या जवळपासच्या वेगानं प्रवास केला तर माणसाचं आयुष्य वाढतं. लोक खूश. तू शेवटच्या रांगेत बसली होतीस. नंतर चहा पिताना हळूच म्हणालीस, "सर, त्याला काय फायदा झाला? आपण बघितलं तर त्याचं घड्याळ सावकाश चाललं. पण त्याच्या मनगटावर तर बराबर तेवढंच वाजलं. त्याला दोन भाकरी जास्ती खायला भेटल्या का?"

दुसऱ्या खेपेला माझं म्हणणं होतं की उजेडाच्या पुढं जाणारं इंजिन अजून कुणी काढलेलं नाही एवढंच, उद्या निघेल. तू मान हलवलीस. "इंजिनाचा प्रश्नच न्हाई सर. तुम्ही कितीबी जोरात पळा. तुम्ही मोजाल तवा उजेड तुमच्यापासून तीन लाखानंच पुढं पळणार. म्हंजी त्याला गाठायच्या हिशोबानं तुम्ही अजून निघालेलेच न्हाई." मी म्हणालो, विचार करून सांगतो. आमची पिढी हरली की असंच म्हणते. तो वाद तसाच राहिला. मी त्यावर चांगली चार पानं लिहून काढली होती, तुला दाखवायला. शेवटच्या पानावर माझ्याच लक्षात आलं की तुझं बरोबर आहे, म्हणून दाखवली नाहीत.

आणि मग ती एस.टी. भोकरदनहून जालन्याला चाललो होतो, योगायोगानं एकाच बाकावर. तू खिडकीशी. तू सांगत होतीस की पोरांना तो प्रश्न कसा समजावतेस. "मी म्हंते, घरात एक माणूस हट्टाला पेटला, जागचा हलंच ना, तर मंग बाकीच्यांनाच सरकून बसाया लागतं. तसं उजेड हलत न्हाई. मंग वेळ सरकतो, अंतर सरकतं. पोरांना बिलकुल पटतं सर. प्रत्येकाच्या घरात तसला येक तर असतोच."

मी मनापासून हसलो. इतकं सोपं करून त्या प्राध्यापकालाही सांगता आलं नव्हतं. राजूरला गाडी थांबली. शेंगदाणेवाला खिडकीशी आला. तू त्याच्याशी भाव करता करता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "सर, राग न्हाई ना येणार? त्या आपल्या पेपरातल्या शेवटच्या प्रश्नाचं बराबर उत्तर काय हो होतं?"

तुला उत्तर माहीत होतं. मला माहीत आहे हेही तुला माहीत होतं. तू मला फक्त दार उघडून देत होतीस.

"अगं," मी म्हणालो, "शेवटी जगात सगळं सापेक्षच असतं."

तू शेंगदाणेवाल्याला पैसे दिलेस. मग म्हणालीस, "उजेड सोडून, सर." आणि पुडीतले अर्धे शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतलेस.

ते शेंगदाणे मी खाल्ले, जालना येईपर्यंत एकेक करून. तोंडात दुसरं काही बोलायला जागा राहू नये म्हणूनच खाल्ले असतील. सगळं सापेक्ष असतं, हे वाक्य मी शंभर जणांच्या तोंडून ऐकलंय. भाऊबंदकीत ऐकलंय, पंचायतीत ऐकलंय, लाच घेणाऱ्याच्या तोंडूनही ऐकलंय. ज्याला पळायचं असतं तो ते म्हणतो. आणि ज्या विचाराच्या नावावर ते खपवतात त्याचा पायाच असा आहे की एक गोष्ट कुणासाठीही बदलत नाही. हे मला पक्कं माहीत असताना, तुझ्या तोंडावर, मी ते वाक्य वापरलं. चार लाख लिहिलं तेव्हा मला येत नव्हतं. एस.टी.त बोललो तेव्हा येत होतं. ह्या दोन्हींत फरक आहे आणि तो मला झोपू देत नाही.

काविळीनं तू जालन्यात दवाखान्यात होतीस तेव्हा मी आलो होतो, ठरवून आलो होतो. तुझी आई तुझ्या पायांशी बसली होती, तुझे यजमान औषधं आणायला गेले होते. तुझे डोळे पिवळे झालेले. "सर, इंजिनाचं पटलं का?" तू विचारलंस. मी म्हणालो, "विचार करून राह्यलोय." तू हसलीस. तुझी भाषा माझ्या तोंडी आली म्हणून असेल. मी म्हटलं, बरी हो, मग भांडू. बरी हो, मग सांगतो, असं मनात होतं. सफरचंदं टेबलावर ठेवून निघालो. चौथ्या दिवशी निरोप आला.

कधी कधी मला तुझाच राग येतो. एकदा तरी चारचौघांत मला खाली बघायला लावायचं होतंस. सगळ्या आयुष्यात तुला माझा राग कसा आला नाही? की आला होता, आणि तो तू दर वर्षी सातवीच्या वर्गात त्या आगगाडीला जोडून देत होतीस? मला कळत नाही. कळेल असंही आता काही नाही. पण एक सांगतो, माझ्या चुकीची तू त्या पोरांसाठी एवढी चांगली गोष्ट केलीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. मास्तरानं विद्यार्थिनीला असं म्हणायची पद्धत नाही आपल्याकडे. नसू दे.

सोमवारी मी पुन्हा धावड्याच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी शाळेतर्फे माझा सत्कार करायचं काढलं होतं, त्यांना वाटलं मी त्याचंच विचारायला आलोय. मी म्हणालो, सातवीच्या वर्गावर दहा मिनिटं द्या. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तुझा तो घाबरलेला फोटो टेबलावर आहे. मी फळ्यावर आगगाडी काढली.

"किती?"

"तीन लाख!" सगळा वर्ग एका सुरात.

"तुमच्या बाई दहावीत होत्या तेव्हा त्यांनी हेच लिहिलं होतं," मी म्हणालो. "मी त्यावर फुली मारली. बाई बरोबर होत्या, सर चुकले होते. पुढच्या वर्षी मला बरोबर उत्तर कळलं. तरी मी त्यांना सांगितलं नाही. बाईंना सायन्सला जायचं होतं. माझ्यामुळं त्यांना जाता आलं नाही."

हेडमास्तर दारात उभे होते, ते चष्मा पुसायला लागले. मग तीच रिबीनवाली मुलगी उभी राहिली.

"मंग सर, तुम्हाला कळलं तवाच का न्हाई सांगितलं?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, सुजाता. बाळा, ताऱ्याच्या उजेडालासुद्धा पोचायला वर्षं लागतात. चाळीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस मी, अशी वाक्यं मला आपोआप सुचतात. ह्या वाक्यालाही टाळी पडली असती. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं.

"घाबरलो होतो," मी म्हणालो.

तिला ते पटलेलं दिसलं. सर घाबरू शकतात, ह्यात तिला काही विशेष वाटलं नाही. ती खाली बसली, दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि विचारलं, "सर, लिहून घ्यायचं का?"

तुझीच पोरं ती. सांगितलेलं लिहून घेतात.

"घ्या," मी म्हणालो. "सगळ्यांनी घ्या." वह्या उघडल्याचा आवाज थांबेपर्यंत थांबलो, आणि मग एकेक शब्द सुटा करून सांगायला लागलो. आधी तुझं पूर्ण नाव. मग, उत्तर बरोबर होते. मग खाली, पेपर तपासणारा म्हणून, माझं नाव.